लहान अक्षय ऊर्जा प्रकल्पांचं अनुदान आणि क्षमतेची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छतावरचं सोलर, शेतातला सौर पंप, ओढ्यावरचं छोटं जलविद्युत केंद्र, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा बॉयलर. अशा लहान प्रकल्पांसाठी अनुदानाची योजना काढली की पहिला वाद एकाच आकड्यावरून होतो: किती किलोवॅटपर्यंत द्यायचं? आकड्यावर बैठकांमागून बैठका होतात, पण तो आकडा कशाचा, कुठे मोजायचा आणि ‘एक प्रकल्प’ कशाला म्हणायचं हे मसुद्याच्या शेवटी दोन ओळींत उरकलं जातं. योजना बहुतेक वेळा फसतात त्या दोन ओळींमुळे. खालची उत्तरं तेच डोक्यात ठेवून लिहिली आहेत.

मर्यादा हवीच कशाला? जो वीज तयार करेल त्याला पैसे द्यावेत की.

द्यायला हरकत नाही, पण सगळ्यांना एकाच दराने दिले तर ते मोठ्यांकडेच जातात. मोठ्या सौर प्रकल्पाला दर किलोवॅटमागे खर्च कमी येतो, कर्ज स्वस्त मिळतं आणि निविदा भरायला माणसं हाताशी असतात. घरमालकाला किंवा शेतकऱ्याला बँक हमी, वकील, निविदेची कागदपत्रं यातलं काहीच परवडत नाही. म्हणून मोठ्यांना स्पर्धेत उतरवायचं आणि लहानांना ठरलेला दर किंवा थेट अनुदान द्यायचं, अशी विभागणी जगभर रूढ झाली. विभागणी म्हटली की रेषा आलीच.

दुसरं कारण तिजोरीचं. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये फीड-इन टॅरिफ (तयार केलेल्या विजेला युनिटमागे ठरलेला दर) सुरू केलं आणि मर्यादा ठेवली ५ मेगावॅट, म्हणजे ५,००० किलोवॅट. योजनेचा सगळा बोलबाला घरांच्या छपरांचा होता. मर्यादेत मात्र शेतंच्या शेतं व्यापणारे सौर प्रकल्प आरामात बसत होते. वर्षभरात ते रांगेत येऊन उभे राहिले तेव्हा सरकारची धांदल उडाली. १ ऑगस्ट २०११ पासून ५० किलोवॅटवरच्या सौर प्रकल्पांचे दर कापले गेले, आणि सर्वांत वरच्या गटाचा दर युनिटमागे ३०.७ पेन्सवरून ८.५ पेन्सवर आला. कागदावरची मर्यादा ५ मेगावॅटच राहिली, व्यवहारात ती ५० किलोवॅट झाली. सुरुवातीलाच विचार झाला असता तर मधल्या काळात ज्यांनी जमिनीचे करार करून ठेवले होते त्यांची फरफट टळली असती.

‘लहान’ म्हणजे नेमकं किती?

याला सर्वमान्य उत्तर नाही. अमेरिकेत १९७८ च्या ‘पुर्पा’ कायद्याखाली ८० मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प लहान उत्पादक म्हणून सवलतीला पात्र ठरतो. भारतात जलविद्युत केंद्र २५ मेगावॅटपर्यंत लघु गणलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या लघु प्रकल्प योजनेत सौरसाठी १०० किलोवॅट. जपानमध्ये २०१२ च्या योजनेत घरगुती सौर म्हणजे १० किलोवॅटच्या आत.

इतकी तफावत पडते कारण प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा होता. अमेरिकेत मक्तेदार वीज कंपन्यांना बाहेरच्या उत्पादकांची वीज घ्यायला भाग पाडायचं होतं, जपानमध्ये घरांच्या छपरांवर पॅनेल चढवायचे होते. तेव्हा दुसऱ्या देशाचा आकडा उचलण्याआधी तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता हे तपासावं.

मर्यादा ओलांडली की अनुदान पूर्ण बुडतं का?

मर्यादा कोणत्या प्रकारची आहे त्यावर ते अवलंबून. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

काही मर्यादा पात्रतेच्या असतात: रेषेच्या वर गेलात की योजनेबाहेर. काही अनुदानाच्या असतात: प्रकल्प कितीही मोठा लावा, पैसे ठरावीक क्षमतेपर्यंतच. भारतातली ‘पीएम सूर्यघर’ योजना या दुसऱ्या प्रकारची. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि एकूण कमाल ७८,०००. पाच किलोवॅट बसवणाऱ्यालाही ७८,००० च मिळतात. ‘तीनच्या वर गेलो तर सबसिडी जाते’ असं पुष्कळ लोक धरून चालतात, ते चूक आहे.

तिसरा प्रकार दराच्या टप्प्यांचा: आकार वाढला की युनिटमागचा दर बदलतो. चौथा, निविदेची रेषा: तिच्याखाली ठरलेला दर, वर स्पर्धा. जर्मनीत ही रेषा २०१७ मध्ये ७५० किलोवॅट होती, २०२३ पासून १ मेगावॅट झाली. आणखी एक मर्यादा एकूण योजनेची असते (वर्षाला इतके मेगावॅट किंवा इतके कोटी), पण ती प्रत्येक प्रकल्पाच्या आकारावरच्या मर्यादेला पर्याय नव्हे. नुसता एकूण कोटा ठेवला तर तो मोठे प्रकल्प आधी संपवतात.

रेषेवर दर एकदम बदलला तर बिघडतं काय? उदाहरण देऊन सांगाल?

समजा, १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला युनिटमागे ६ रुपये आणि त्यावरच्या प्रकल्पाला, सगळ्या युनिटांवर, ५ रुपये. एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिट देतो असं धरू.

१०० किलोवॅटचा प्रकल्प १,४०,००० युनिट देईल, मिळकत ८,४०,००० रुपये. आता एकच किलोवॅट वाढवा. १०१ किलोवॅट, १,४१,४०० युनिट, मिळकत ७,०७,०००. एका किलोवॅटने वर्षाला १,३३,००० रुपये बुडाले. जुन्या मिळकतीची बरोबरी करायलाच १२० किलोवॅट लागतात, आणि जादा २० किलोवॅटचा खर्च वेगळाच. म्हणजे १०१ ते १२० किलोवॅटमधला प्रकल्प शहाणा माणूस बांधणारच नाही. ज्याच्या छतावर ११५ ची जागा आहे तो १५ ची जागा रिकामी सोडेल. ज्याची जागा १८० ची आहे तो त्याचे ९० चे दोन प्रकल्प दाखवता येतात का ते बघेल. यात लबाडी शोधू नये. नियमानेच त्याला ही वाट दाखवलेली असते.

कुठल्याही जुन्या योजनेतल्या प्रकल्पांची क्षमतेनुसार मोजणी करून बघा. रेषेच्या अगदी खाली ९.९, ४९.५, ९९ किलोवॅटचे ढीग दिसतात आणि लगेच पुढे ओसाड माळ.

मग रेषा आखायची तरी कशी?

प्राप्तिकराच्या स्लॅबसारखी. पहिल्या १०० किलोवॅटला ६ रुपये सगळ्यांनाच, पुढच्या किलोवॅटना ५. वरच्या उदाहरणातला १०१ किलोवॅटवाला मग ८,४७,००० रुपये मिळवतो आणि रेषा ओलांडायला कोणी घाबरत नाही. जर्मनीत छतावरच्या सौरचा दर असाच निघतो: १५ किलोवॅटच्या प्रकल्पाला पहिल्या १० चा वरचा दर आणि उरलेल्या ५ चा खालचा, दोन्हींची सरासरी.

याला आक्षेप असतो तो हिशेब किचकट होतो असा. बिल संगणक काढतो, ग्राहकाला एकच सरासरी दर दिसतो. हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही.

पण दर स्लॅबमध्ये ठेवला तरी दुसरा एखादा नियम कडा तयार करून ठेवतो, तिकडे लक्ष हवं. त्याच जर्मनीत ऑगस्ट २०१४ पासून स्वतः वापरलेल्या सौर विजेवरही अक्षय ऊर्जेचा अधिभार लागला आणि १० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. लोक १० च्या आत थांबू लागले. मोठमोठी छपरं अर्धी मोकळी राहिली, तीही अक्षय ऊर्जा वाढवण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे! २०२१ मध्ये सूट देण्याची रेषा ३० किलोवॅटवर नेली आणि जुलै २०२२ मध्ये तो अधिभारच शून्यावर आणला.

९९ किलोवॅटच्या बॉयलरचं प्रकरण काय होतं?

उत्तर आयर्लंडमधलं. धोरण शिकवणाऱ्यांनी हे एकच प्रकरण नीट शिकवलं तरी पुष्कळ झालं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथे अक्षय उष्णतेसाठी अनुदान सुरू झालं. बायोमास (लाकूड वगैरे जाळणाऱ्या) बॉयलरला १०० किलोवॅटच्या खाली उष्णतेच्या युनिटमागे ५.९ पेन्स आणि त्याच्या वर १.५ पेन्स. चौपट फरक, तोही एका किलोवॅटच्या अंतरावर. ब्रिटनच्या मूळ योजनेत एक अट होती: वर्षातले पहिले १,३१४ तास चढा दर, मग उतरता. उत्तर आयर्लंडने योजना उचलताना ही अट गाळली. त्यात लाकडाच्या गोळ्यांचा खर्च मिळणाऱ्या अनुदानापेक्षा कमी पडत होता. जितकं जाळाल तितका फायदा.

पुढचं ओघानेच आलं. एका मोठ्या बॉयलरची गरज असलेल्या ठिकाणी ९९ किलोवॅटचे दोन, तीन किंवा अधिक बॉयलर शेजारी शेजारी बसले आणि दिवसरात्र चालू लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये तासांचे टप्पे आणले, चढ्या दराचा गट १९९ किलोवॅटपर्यंत वाढवला. पण बदल होणार ही कुणकुण आधीच लागल्याने त्या आधीच्या आठवड्यांत अर्जांचा लोंढा आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवे अर्ज बंद. जानेवारी २०१७ मध्ये या वादावरूनच उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार कोसळलं. सर पॅट्रिक कॉग्लिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला.

१०० हा आकडा इथे गुन्हेगार नव्हता. रेषेवरची चौपट उडी, तासांचं बंधन नसणं आणि एका जागेवर कितीही बॉयलर चालणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या. यातली एक जरी आवरली असती तरी नुकसान बरंच कमी झालं असतं.

क्षमता नेमकी कुठे मोजायची? पॅनेलची की इन्व्हर्टरची?

हे नियमात स्पष्ट लिहिलंच पाहिजे. सौर पॅनेल डीसी वीज देतात, इन्व्हर्टर ती एसी करून वीजवाहिन्यांच्या जाळ्यात सोडतो. पॅनेल पूर्ण क्षमतेने फार थोडा वेळ चालतात, म्हणून इन्व्हर्टरपेक्षा पॅनेलची बेरीज २०-३० टक्के जास्त ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. नियमात नुसतं ‘१०० किलोवॅट’ असेल तर कंत्राटदार १०० चा इन्व्हर्टर आणि १३० चे पॅनेल बसवतो, तपासणी अधिकारी पॅनेल मोजतो, आणि भांडण सुरू.

हे भांडण किती वर जाऊ शकतं याचा नमुना अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात दिसला. ब्रॉडव्ह्यू नावाच्या प्रकल्पात १६० मेगावॅटचे पॅनेल, ५० मेगावॅटची बॅटरी, पण इन्व्हर्टर असे की जाळ्यात एका वेळी ८० मेगावॅटच जावेत. ‘पुर्पा’च्या ८० मेगावॅटच्या मर्यादेत हा बसतो का? केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने २०२० मध्ये नाही म्हटलं आणि पुढच्याच वर्षी निर्णय फिरवून हो म्हटलं. मग प्रकरण कोर्टात गेलं.

माझं मत विचाराल तर, मर्यादा जाळ्याच्या सोयीसाठी असेल तेव्हा एसी बाजू मोजावी, कारण रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) झेपायची असते ती तीच वीज. अनुदान पॅनेलच्या खर्चावर असेल तेव्हा डीसी आणि एसी यातला कमी आकडा धरावा, म्हणजे कोणतीही एक बाजू फुगवून जादा पैसे मिळत नाहीत.

पवनचक्कीचं दुखणं वेगळं. ब्रिटनमध्ये ५०० किलोवॅटच्या खालच्या गटाला चढा दर होता. त्यामुळे ८००-९०० किलोवॅटची यंत्रं उभारून ती ५०० वर दाबून चालवली गेली. मोठं पातं मंद वाऱ्यातही वीज देतं, वरचा भाग नियंत्रकात कापलेला, आणि दर मात्र लहान यंत्राचा. कंपनीच्या पाटीवरची मूळ क्षमता मोजायची की दाबलेली, हे आधीच लिहून ठेवलं असतं तर ही पळवाट उरली नसती.

एकाच जागेवर दोन-तीन ‘लहान’ प्रकल्प दाखवले तर?

हे होतंच, आणि सगळीकडे होतं. स्पेनमध्ये २००४ च्या नियमात १०० किलोवॅटपर्यंतच्या सौरला फार चढा दर होता. मग एकाच माळरानावर १०० किलोवॅटचे डझनावारी प्रकल्प, प्रत्येकाचा मालक कागदोपत्री वेगळा, अशी ‘सौर बागायत’ फोफावली. जपानमध्ये ५० किलोवॅटच्या आत विद्युत अभियंता नेमण्याचं बंधन नव्हतं आणि जोडणी कमी दाबाच्या तारेवर होत होती. तिथेही मोठी जमीन ४९ च्या तुकड्यांत वाटली गेली, शेवटी २०१४ मध्ये असे तुकडे पाडण्यावर बंदी आली.

उपाय म्हणून एक प्रकल्प कशाला म्हणायचं ते अंतर, काळ आणि मालकी यांनी बांधतात. जर्मनीत एकाच आवारात सलग बारा महिन्यांत सुरू झालेले प्रकल्प मिळून एक धरले जातात. अमेरिकेत बरीच वर्षं एका मैलाचा नियम होता: त्याच मालकाचे, त्याच प्रकारचे प्रकल्प मैलाच्या आत असले की एक. लोकांनी मैलापेक्षा जरा जास्त अंतर ठेवून बांधायला सुरुवात केली. २०२० मध्ये आयोगाने नियम बदलला. मैलाच्या आत एकच, दहा मैलांपलीकडे वेगळे, आणि मधल्या पट्ट्यात प्रकल्प वेगळे धरले जातील, पण त्याला आव्हान देता येईल. म्हणजे मधल्या भागात माणसाच्या निर्णयाला जागा ठेवली. मला हा मार्ग नुसत्या अंतराच्या नियमापेक्षा बरा वाटतो, फक्त निर्णय देणारा अधिकारी आणि मुदत आधी ठरलेली हवी.

एकट्या मालकीवर मात्र भिस्त ठेवू नये. मालक बदलणं हे सगळ्यांत सोपं. भाऊ, बायको, नवी कंपनी, काहीही चालतं. जोडणीचा बिंदू, मीटर आणि रोहित्र बदलणं अवघड, म्हणून व्याख्या त्यावर टेकवावी.

सौर, वारा, पाणी यांना एकच मर्यादा चालेल का?

सोपी वाटते, पण न्याय्य नाही. एका किलोवॅटमागे वर्षाला किती वीज निघते यात मोठा फरक असतो. सूर्य रात्री नसतो, बारमाही ओढा रात्रीही वाहतो.

ऑस्ट्रेलियाने यावर दुहेरी मर्यादा लावली. सौर १०० किलोवॅट आणि वर्षाला २५० मेगावॅट-तासांच्या आत, पवन १० किलोवॅट आणि २५, जलविद्युत ६.४ किलोवॅट आणि २५. गणित करून पाहिलं तर ६.४ किलोवॅटचं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर सुमारे ५६ मेगावॅट-तास देईल, म्हणजे २५ ची अट ४५ टक्के वापरालाच लागू होते. सौरला मात्र २५० ची अट क्वचितच आड येते, तिथे १०० किलोवॅट हीच खरी भिंत.

घरासाठी मर्यादा किलोवॅटमध्ये ठेवावी की विजेच्या वापरावर?

दोन्ही पद्धती आहेत. भारतात २०२१ च्या ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंगला (जाळ्यात दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीला) ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला मान्य केलेला कमाल भार), यातलं जे कमी ते, अशी मर्यादा दिली. मंजूर भार कागदावर तयार असतो, वाद होत नाही, हा फायदा. तोटा असा की ज्याने वर्षानुवर्षं भार वाढवून घेतलेला नाही तो अडकतो. २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या प्रकल्पाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळाल्याचं मानायचं आणि लागेल तसा भारही वाढवायचा, असं केलं. अर्जदाराच्या दृष्टीने हा बदल अनुदानाच्या रकमेइतकाच मोलाचा आहे.

प्रत्यक्ष वापरावर बांधलेली मर्यादा ऐकायला शहाणपणाची वाटते. पण काटकसरीने वीज वापरणाऱ्याला ती लहान प्रकल्प देते आणि उधळ्याला मोठा.

गृहनिर्माण संस्थांचं काय? त्यांचा प्रकल्प एका घरापेक्षा मोठाच असणार.

घरागणिक मोजावं. सूर्यघर योजनेत संस्थेच्या सामाईक वापरासाठी, घरामागे ३ किलोवॅट धरून, ५०० किलोवॅटपर्यंत किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. घरागणिक मोजलं नाही तर स्वतंत्र छप्पर असलेल्यांनाच सगळा लाभ जातो, आणि ज्यांच्याकडे ते आहे ते बहुधा आधीच बऱ्या स्थितीत असतात.

आकडा ठरवताना आधी काय बघायचं?

प्रथम, आज बाजारात कोणत्या आकाराचे प्रकल्प बसताहेत त्याची यादी. जिथे नैसर्गिक दरी आहे (घरगुती संपून दुकान-कारखाने सुरू होतात, किंवा कमी दाबाची जोडणी संपून उच्च दाबाची सुरू होते) तिथे रेषा बसवावी. गर्दीच्या मधोमध रेषा ओढली की ती गर्दी एका बाजूला सरकते.

मग त्या आकाराच्या प्रकल्पाला निविदेत उतरायला खर्च किती येतो ते काढावं. तो खर्च अनुदानाच्या मोठ्या हिश्शाइतका होत असेल तर तो प्रकल्प लहानांत हवा. युरोपीय महासंघाच्या २०१४ च्या राज्य-मदत नियमांत (सरकारांनी उद्योगांना द्यायच्या मदतीचे नियम) निविदेतून सूट १ मेगावॅटखाली होती, पवनला मात्र ६ मेगावॅट किंवा ६ यंत्रं. पवनचक्कीचा एकेक नगच मोठा असतो हे त्यात धरलेलं दिसतं.

गोल आकड्यांचा मोह टाळायला हवा, असंही सांगावंसं वाटतं, पण गोल आकडे लोकांच्या लक्षात राहतात. रेषेवर उडी नसेल तर आकडा गोल असला तरी बिघडत नाही.

बॅटरी क्षमतेत धरायची का?

बॅटरी स्वतः वीज तयार करत नाही, म्हणून सहसा नाही. पण ती जाळ्यात वीज सोडणार असेल तर जोडणीच्या मर्यादेत तिचा इन्व्हर्टर मोजावाच लागतो.

मर्यादा नंतर बदलली तर आधी बसवलेल्यांचं काय? आणि मी आज लहान बसवून पुढे वाढवला तर?

आधी सुरू झालेल्या प्रकल्पाला जुनाच दर मिळत राहावा, ही बहुतेक योजनांतली रीत आहे. ती मोडली की पुढच्या योजनेवर बँक कर्ज देत नाही. प्रश्न अधल्यामधल्यांचा असतो: अर्ज झालाय, पैसे भरलेत, जोडणी बाकी आहे. कोणती तारीख धरायची (अर्जाची, मंजुरीची की वीज सुरू झाल्याची) हे योजनेच्या पहिल्याच दिवशी छापावं. बदलाची घोषणा आणि अंमल यांत फार अंतर ठेवलं तर लोंढा येतो, अजिबात न ठेवलं तर प्रामाणिक अर्जदार बुडतो. ब्रिटनने फेब्रुवारी २०१६ पासून दर तिमाहीला क्षमतेचा कोटा ठेवला. भरला की पुढच्या तिमाहीच्या रांगेत. त्यात लोंढ्याची धार कमी झाली, पण आपला नंबर कधी लागेल हे अर्जदाराला कळेना. ती योजना नव्या अर्जांसाठी मार्च २०१९ अखेर बंद झाली.

वाढीव क्षमतेबद्दल: जुन्या भागाला जुना दर, नव्याला वाढीच्या तारखेचा दर, आणि रेषा मात्र दोन्हींच्या बेरजेवर. असा नियम असेल तर आज ९ किलोवॅट आणि तेराव्या महिन्यात आणखी ९ हा खेळ चालत नाही. तुमच्या योजनेच्या नियमात वाढीव क्षमतेचं कलम नसेल तर पॅनेल मागवण्याआधी वीज कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी होकारावर बसवलेल्या जादा पॅनेलमुळे मूळ अनुदानाचीही चौकशी लागू शकते.